डायबेटिस इन्सिपिडस आणि मुलांमधील पिट्युटरीचे विकार

डायबेटिस इन्सिपिडस म्हणजे मूत्रपिंडांना शरीरातले पाणी राखता न येण्याचा विकार. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी पडल्यामुळे, किंवा ते पुरेसे असूनही मूत्रपिंड त्याला दाद देत नसल्यामुळे तो होतो. भरमसाट, पाण्यासारखी रंगहीन लघवी आणि काही केल्या न भागणारी तहान ही त्याची मुख्य लक्षणे. साखरेच्या मधुमेहाशी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. रक्तातली साखर नॉर्मल असते आणि लघवीतही साखर उतरत नाही. हा भेद योहान पेटर फ्रँक यांनी 1794 मध्ये मांडला. साधारण 25,000 माणसांत एकाला होणारा हा विकार दुर्मिळ असला, तरी मुलांच्या बाबतीत तो वेळेवर ओळखण्याला फार महत्त्व आहे. त्यामागे पुष्कळदा पिट्युटरी ग्रंथीचा किंवा तिच्या आसपासचा दुसरा आजार दडलेला असतो.

पिट्युटरी मेंदूच्या तळाशी असते, वाटाण्याएवढी. तिच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशी रक्त किती दाट झाले आहे याची सतत दखल घेतात. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, दर किलोमागे 275 ते 295 मिलिऑस्मोलच्या दरम्यान राहावी लागते. ती एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी व्हॅसोप्रेसिन रक्तात सोडले जाते आणि तहानही लागते. हे संप्रेरक हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, एका बारीक देठातून खाली उतरते आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात साठते. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांवर ते व्ही-2 ग्राहकांना (संप्रेरकाचा संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटले, की अ‍ॅक्वापोरिन-2 नावाची प्रथिने नलिकेच्या भिंतीवर येतात आणि त्यांतून पाणी परत शरीरात शोषले जाते. व्हॅसोप्रेसिन प्रयोगशाळेत बनवणारे व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 मध्ये, तर अ‍ॅक्वापोरिनांचा शोध लावणारे पीटर आग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या साखळीतला वरचा भाग बिघडला तर विकाराला केंद्रीय म्हणतात, मूत्रपिंडाकडचा बिघडला तर मूत्रपिंडजन्य.

नाशिकमध्ये हा विकार उन्हाळ्यात सहज नजरेआड होतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकलेला असताना मूल सारखे माठाशी जाते याचे कोणाला नवल वाटत नाही. म्हणून खरी पारख रात्री आणि थंडीत करावी. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही जे मूल रात्री तीन-चारदा उठून पाणी पिते, गार पाण्यासाठीच हट्ट धरते, न्हाणीघरातल्या बादलीला तोंड लावते, त्याची तहान ही सवय नाही. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याची लघवी तपासायला हवी. पोट पाण्यानेच भरल्यामुळे जेवण कमी होते, वजन अडते. तान्ह्या बाळाला तहान सांगता येत नाही. त्याच्या बाबतीत संसर्गाचा पत्ता नसताना येणारा ताप, उलट्या, बद्धकोष्ठता, अखंड किरकिर आणि दूध सोडून पाण्याकडे ओढ एवढेच दिसते.

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांत, पावसाळ्यात धो-धो पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी पाड्यांवर पाणी डोक्यावरून किंवा टँकरने आणावे लागते. तिथे दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिणारे पोर घराला जड वाटू शकते. संध्याकाळनंतर पाणी बंद करणे, बिछाना ओला करतो म्हणून तांब्या लपवणे हे उपाय समजण्यासारखे असले तरी जिवावर बेतणारे आहेत. पाणी तोडल्याने या मुलांची लघवी कमी होत नाही. शरीर कोरडे पडत जाते, रक्तातले सोडियम चढते, मूल गुंगीत जाते, झटके येतात आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. निदान होईपर्यंत मागेल तेवढे पाणी द्यावे, हाच नियम.

तपासणीला सर्वांत जास्त उशीर एका चांगल्या बातमीमुळे होतो. बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, ती नॉर्मल येते आणि सगळे निर्धास्त होऊन घरी जातात. खरे तर तपासणी तिथून पुढे सुरू व्हायला हवी. आधी 24 तासांची लघवी मोजावी. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे 2 लिटरहून अधिक लघवी ही जास्त समजली जाते. 20 किलोच्या मुलाला हा आकडा 1.6 लिटरच्या आसपास येतो. सकाळच्या पहिल्या लघवीची घनता आणि रक्तातले सोडियम या दोन साध्या चाचण्या तालुक्याच्या गावीही करता येतात. रात्रभराची लघवीही 1.005 पेक्षा कमी घनतेची असेल, तर संशय पक्का होतो. रक्ताची ऑस्मोलॅलिटी 300 च्या वर आणि लघवीची 300 च्या खाली असेल, तर निदान झालेच. आकडे अधांतरी असतील तर मुलाला काही तास पाणी न देता दर तासाला वजन, लघवी आणि रक्त पाहतात, मग डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध देतात. त्यानंतर लघवीची ऑस्मोलॅलिटी निम्म्याहून अधिक वाढली तर विकार केंद्रीय. ही चाचणी केवळ रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते. घरी ‘बघू तरी’ म्हणून ती कधीही करू नये.

केंद्रीय विकार ठरला की एमआरआय अनिवार्य. पिट्युटरीच्या मागच्या भागात एरवी दिसणारा तेजस्वी ठिपका नाहीसा झालेला असतो. कधी देठ जाड झालेला असतो. कारणे अनेक आहेत. क्रेनिओफॅरिंजिओमा ही गाठ डोकेदुखी, अंधूक दृष्टी आणि खुंटलेली उंची घेऊन येते. जर्मिनोमा ही गाठ मात्र कित्येक महिने फक्त तहानेच्या रूपात राहू शकते. लँगरहान्स पेशींच्या हिस्टिओसायटोसिसमध्ये, म्हणजे या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात, टाळूवरचे न हटणारे चट्टे, कवटीवरची सूज किंवा वाहणारा कान आधी दिसतो. क्षयाचा मेंदूज्वर, रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला बसलेला मार, मेंदूवरची शस्त्रक्रिया, ग्रंथीची जन्मजात अपुरी घडण ही आणखी काही. शस्त्रक्रियेनंतर कधी आधी भरपूर लघवी, मग काही दिवस लघवी आवळून येणे आणि नंतर कायमचा विकार असे तीन टप्पे दिसतात. मधल्या टप्प्यात ‘बरे झाले’ असे वाटते, आणि तिथेच जास्त पाणी व औषध दिले जाऊन घात होतो. मूत्रपिंडजन्य आनुवंशिक प्रकार बहुतेक मुलग्यांत दिसतो, कारण सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. ते बहुधा आईकडून येते. यात आईचा काडीचाही दोष नाही, हे डॉक्टरांनी सासरच्या मंडळींसमोर स्पष्ट सांगायला हवे.

पिट्युटरीचा पुढचा भागही याच तपासणीत पाहावा लागतो. तिथून वाढीचे संप्रेरक, थायरॉइड व अ‍ॅड्रीनल ग्रंथींना चालना देणारी आणि वयात आणणारी संप्रेरके निघतात. नवजात बाळाची साखर वारंवार उतरणे, लांबलेली कावीळ आणि मुलग्यात फार लहान लिंग हे त्रिकूट दिसले, तर जन्मजात कमतरतेचा विचार तातडीने करावा. जन्मानंतरची थायरॉइड चाचणी फक्त टीएसएचवर (पिट्युटरीतून निघणाऱ्या, थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकावर) भर देणारी असेल, तर पिट्युटरीमुळे आलेली कमतरता तिच्यातून निसटते. चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी उंची वर्षाला 5 सेंटिमीटरहून कमी वाढत असेल, तर ‘घराण्यातच बुटके’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांमधून मुले तपासतात. त्या नोंदीतल्या दोन वर्षांच्या उंच्या शेजारी ठेवून पाहिल्या, तरी पुष्कळ कळते. वाढीचे संप्रेरक 1985 पर्यंत मृतांच्या ग्रंथींतून काढावे लागे. आता ते जनुक तंत्राने बनते आणि इंजेक्शनने देतात. अ‍ॅड्रीनल ग्रंथींतून येणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची कमतरता मात्र सर्वांत घातक. तीच डायबेटिस इन्सिपिडसला झाकूनही ठेवते, कारण जादा पाणी बाहेर टाकायला कॉर्टिसॉल लागते. कॉर्टिसॉलची उणीव भरणारे हायड्रोकॉर्टिसोन सुरू करताच लघवीचा पूर आला तर औषध चुकले असे नव्हे, दडलेला विकार उघडा पडला. अशा मुलांना ताप आला, की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे हा डोस वाढवावा लागतो आणि उलट्या होत असतील तर इंजेक्शन द्यावे लागते. ते घरात हवे, आणि देता यायला हवे.

केंद्रीय प्रकारावर डेस्मोप्रेसिन हे उत्तम औषध आहे. गोळी किंवा नाकातला फवारा घेतला, की त्याच दिवशी मूल रात्रभर झोपते. फवाऱ्याचे काही प्रकार फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या गावांत गोळी सोयीची. औषध सुरू झाल्यावर धोका उलटा होतो. जुन्या सवयीने मूल पाणी पीत राहिले तर सोडियम उतरते आणि डोकेदुखी, उलट्या, झटके येतात. म्हणून दिवसातून एकदा औषधाचा असर ओसरून मोकळी लघवी होऊ देतात, मगच पुढचा डोस. मूत्रपिंडजन्य प्रकारात कमी मीठ आणि थायझाइड गोळ्या यांचा उपयोग होतो. लघवी वाढवणारे हे औषध इथे लघवी कमी करते, हे पालकांना नीट समजावून द्यावे लागते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचेच. शहरात सिव्हिल, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि एमआरआयची सोय आहे. तरी मुलांच्या संप्रेरकांसाठी बरीच कुटुंबे मुंबई-पुण्याची वाट धरतात. दरम्यान मुलाचा बहुतेक दिवस शाळेत किंवा आश्रमशाळेत जातो. तिथे वर्ग चालू असताना पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची लेखी मुभा हवी. निर्जळी उपवास या मुलांना वर्ज्य. मुलाच्या दप्तरात विकाराचे नाव, औषध आणि डोस लिहिलेले कार्ड असावे. ‘डायबेटिस’ वाचून केवळ साखर तपासली जाणे आणि डेस्मोप्रेसिन थांबवले जाणे असे अपघात रुग्णालयांतही झाले आहेत. म्हणूनच 2022 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ आणि ‘व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध’ ही नवी नावे सुचवली. कार्डावर जुने आणि नवे, दोन्ही नाव लिहावे.

पहिल्या एमआरआयमध्ये कारण सापडले नाही तरी पाठपुरावा सुटता कामा नये. देठ जाड असेल तर दर काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा करतात, सोबत रक्तातले एचसीजी आणि अल्फाफीटोप्रोटीन हे गाठीचा सुगावा देणारे घटक पाहतात. जर्मिनोमा कधी कधी तहान सुरू झाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी चित्रात दिसतो, आणि तो वेळेत सापडला तर किरणोपचाराने बहुतेक मुले बरी होतात.