गॅस संपत नाही, पळतो

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिच्यात एसी आहे का, असं कुणी विचारत नाही. ती गाडी १९३०च्या दशकातली. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आणली ती १९३९-४०च्या सुमारास. कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं दुखणं त्यानंतरच्या पिढीचं आहे: कॉन्टेसा, डॅशबोर्डखाली कूलिंग बॉक्स लटकवलेली पद्मिनी, एखाद्याची ऐंशीच्या दशकातली मर्सिडीज. इंजिन झकास, रंगकाम नवं, एसी मात्र गरम हवा फेकतो. मग गाडी उद्यमनगरात लागते आणि मालक म्हणतो, "गॅस संपलाय बघा मिस्त्री, तेवढा भरून टाका."

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्ची पडत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कूलिंग कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होताना केबिनमधली उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी पळाला आहे, आणि ती जागा न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

जागा बहुधा ठरलेल्या असतात. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही नळ्यांतून फिरतं, त्यामुळे गळतीच्या तोंडाशी तेलकट धूळ चिकटून काळा डाग पडतो. सांध्यांवर, होजच्या टोकांशी आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टजवळ बॅटरीचा झोत मारला की निम्मं निदान तिथेच होतं. शाफ्टचं सील ही तर हौशी गाड्यांची खास व्याधी. ते ऑइलने ओलं असेल तोवर घट्ट बसतं. गाडी सहा महिने कव्हरखाली झाकून ठेवली की सील कोरडं पडतं आणि गॅसला वाट मिळते. उरलेल्या शंकेसाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावावं. त्या कामाला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ऑइल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

गळती सापडली, बुजवली. आता भरायचं काय? या गाड्या बनल्या तेव्हा त्यांत आर-१२ हा गॅस असायचा. तो जळत नाही आणि त्या काळच्या कॉम्प्रेसरमधल्या मिनरल ऑइलमध्ये छान मिसळतो. त्याच्यासारख्या क्लोरीनवाल्या वायूंनी वातावरणातला ओझोन नष्ट होतो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४मध्ये मांडलं. १९८७मध्ये ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१०पासून या वायूंचा नेहमीचा वापर आपल्याकडेही थांबला. आज कुणी 'ओरिजिनल आर-१२' म्हणून सिलिंडर पुढे केला तर संशय घ्यावा. बनावट सिलिंडरांत मिथाइल क्लोराइड सापडलेलं आहे. ते अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारं रसायन तयार करतं. बनावट गॅस भरलेल्या जहाजी रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे २०११मध्ये स्फोट होऊन कामगार दगावले होते.

म्हणून आर-१३४ए, आर-१२च्या जागी आलेला बिनक्लोरीनचा गॅस. पण तो नुसता भरून चालत नाही. शून्य अंशाला आर-१२चा दाब गेजवर ३० पीएसआयच्या आसपास असतो, आर-१३४एचा २८. साठ अंशांना चित्र उलटतं: आर-१२ सुमारे २०७, आर-१३४ए सुमारे २२९. म्हणजे थंड बाजूला कमी आणि गरम बाजूला जास्त दाब, आणि हे वाढलेलं अंतर जुन्या कॉम्प्रेसरला ओढावं लागतं. एप्रिलच्या दुपारी ताराराणी चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना कंडेन्सरवर वारा नसतो, तेव्हा याचा चटका बसतो. शक्य असेल तर मोठा, नव्या धर्तीचा पॅरलल-फ्लो कंडेन्सर आणि पुढे एक जादा पंखा लावावा. माझ्या मते गाडीचं अस्सलपण जपायच्या नादात हा खर्च टाळणं परवडत नाही.

ऑइलही बदलावं लागतं. आर-१३४एमध्ये मिनरल ऑइल विरघळत नाही. ते कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. जुन्या नळ्यांत क्लोरीनचा अंश राहतो आणि तो पॅग ऑइलला मानवत नाही, त्यामुळे आर-१३४एसोबत चालणाऱ्या या दोन कृत्रिम ऑइलांपैकी अशा बदलात एस्टर ऑइल बरं. नव्या गॅसचे रेणू लहान असल्यामुळे ते जुन्या रबरी होजमधूनच झिरपतात. आतून नायलॉनचं अस्तर असलेला होज घ्यावा.

आता व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणं. घाईत हीच पायरी उरकली जाते. नळ्या उघडल्या की हवेबरोबर बाष्प आत शिरतं. जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली असतो, त्या दिवसांत किती शिरत असेल ते सांगायला नको. द्रव गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात त्या पाण्याचा बर्फ होतो आणि वाट बंद पडते. एसी दहा-पंधरा मिनिटं मस्त गार, मग साधी हवा, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असा खेळ चालला की ओलावा समजावा. शिवाय पाणी आणि गॅस मिळून आम्ल बनतं, ते धातू खातं.

हे पाणी काढायचं ते उकळवून. प्रेशर कुकरच्या नेमकं उलट: दाब इतका कमी करायचा की तीस अंशांनाच पाणी उकळावं. त्यासाठी आतला दाब पाऱ्याच्या सव्वा इंचाच्या खाली जायला हवा. गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे ते दाखवतो. पुस्तकं सांगतात, त्यावर २९ इंचांच्या वर व्हॅक्यूम दिसला पाहिजे. ते समुद्रसपाटीचं गणित आहे. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथल्या हवेचा दाबच साधारण २८ इंच. जगातला उत्तम पंप लावला तरी इथे काटा २८च्या पलीकडे जाणार नाही, आणि तेवढ्यासाठी नसलेली गळती शोधत बसायचं कारण नाही. पण पावणेसत्तावीसला थांबणंही चूक, कारण तिथे उकळणं जेमतेम सुरू होतं. काटा २८ला टेकल्यावर पुढे किमान अर्धा तास पंप चालू ठेवावा. मग व्हॉल्व्ह बंद करून काट्याकडे नीट पाहावं. तो थोडा खाली येऊन थबकला तर आत अजून पाणी वाफ होतं आहे. उतरतच राहिला तर गळती. (मायक्रॉन गेज असेल तर उत्तम, तो आतला निव्वळ दाब दाखवतो, गावाच्या उंचीशी त्याला देणंघेणं नाही.) ओलावा शोषणारा ड्रायर नवाच लावावा, आणि त्याची बुचं अगदी शेवटी काढावीत.

स्वस्तात काम उरकायला कुणी एलपीजीसारखा गॅस भरायचं सुचवतं. थंडावा मिळतोही. पण कूलिंग कॉइल केबिनमध्ये असते. तिथली गळती म्हणजे बंद काचांच्या आत ज्वालाग्राही वायू. याला साफ नकार द्यावा.

आर-१३४ए वजनकाट्यावर मोजून भरावा, मूळ आर-१२च्या वजनाच्या ८० ते ९० टक्के. नंतर महिन्यातून एकदा, पावसाळ्यातसुद्धा, दहा मिनिटं एसी चालवावा म्हणजे सील ओलं राहतं. आणि बॉनेटखाली एक लेबल चिकटवावं: गॅस कोणता, किती ग्रॅम, ऑइल कोणतं. पुढचा मिस्त्री ते वाचूनच सिलिंडर जोडेल.