फिंचच्या जोडीला घरटे देण्यापूर्वी

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्यांची जोडी आमच्या दुकानातून नेताना बरेच ग्राहक घरट्याची पेटीही लगेच मागतात. आम्ही म्हणतो, थोडे थांबा. हे पक्षी तिसऱ्या महिन्यातच वयात येतात खरे, पण एवढ्या कोवळ्या मादीला अंडी घालणे झेपत नाही. अंडे आत अडकून ती दगावू शकते. दोघेही किमान सहा, शक्यतो नऊ महिन्यांचे होऊ द्या. तोवर पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातले पांढरे, ठिसूळ कवच) टांगून ठेवा. अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियम त्यातून मिळते.

पेटी साधारण १२ सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि उंच, पुढून अर्धी उघडी असावी. ती पिंजऱ्यात उंचावर लावा. आत वाळलेले गवत किंवा काथ्याचे आखूड तुकडे द्या. दोरा, लोकर, कापूस नको, पायात गुंतून पाय जातो.

पहिले अंडे दिसताच उरलेले गवत काढून घ्या. गवत मिळेल तोवर नर घरटे बांधतच राहतो. मग आधीची अंडी नव्या थराखाली गाडली जातात आणि मादी वर पुन्हा अंडी घालते. अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत अशी तक्रार आली की आम्ही आधी गवताचीच चौकशी करतो.

मादी रोज एक अशी चार ते सहा अंडी घालते. तीन-चार अंडी होईपर्यंत जोडी नीट बसत नाही, त्याची काळजी नको. पुढे दोघे आळीपाळीने उबवतात आणि १२ ते १४ दिवसांत पिल्ले निघतात. बेंगालीज या दुसऱ्या जातीच्या फिंचला एक-दोन दिवस जास्त लागतात. या काळात पेटीत सारखे डोकावू नका. पिल्ले असताना भिजवून मोड आणलेले राळे आणि उकडलेले अंडे रोज ताजे द्या.

तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात, तरी आणखी दोनेक आठवडे आईबाप, विशेषतः बाप, त्यांना भरवतो. सहाव्या आठवड्यात ती वेगळी करा. नव्या घरट्याच्या ओढीने आईबाप त्यांचीच पिसे उपटू लागतात.

हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले. तिथे पाऊस पडून गवताचे बी पिकले की ते वीण घालतात. पिंजऱ्यात दाणा बारमाही, त्यामुळे जोडी आपणहून थांबत नाही आणि मादी झिजते. वर्षात दोन, फार तर तीन विणी झाल्या की पेटी काढा. मग मादी दाण्याच्या भांड्यात अंडी घालू लागली, तर भांडे लहान आणि उथळ ठेवा.