जुने मिनी पोकलेन घेण्यापूर्वी : वाडी व घराच्या आवारातील कामासाठी यंत्र पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हापूसच्या कलमांसाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे काढणे, विहिरीपासून घरापर्यंत पाईपलाइनचा चर मारणे, शौचालयाच्या टाकीचा खड्डा, उतारावर मजग्या (पायऱ्यांसारखे सपाट तुकडे), गडग्याचा (दगडी कुंपणाचा) पाया, पऱ्यातला (ओढ्यातला) साचलेला गाळ : कोकणातल्या वाडीत ही कामे दरवर्षी निघतात आणि माणसे वेळेवर मिळत नाहीत. त्यामुळे जुने मिनी पोकलेन स्वतःच घ्यावे, असा विचार घेऊन अनेक ग्राहक आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. (पोकलेन हे नाव मुळात एका फ्रेंच कंपनीचे, आपल्याकडे चाकांऐवजी चेनच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या सर्वच उत्खनन यंत्रांना ते चिकटले आहे.) हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. यंत्र पाहायला जाण्यापूर्वी ते वाचावे आणि जाताना सोबत ठेवावे.

प्रथम आपले काम तासांत मोजावे. पुढील दोन-तीन वर्षांचे मिळून शंभर-दीडशे तासांहून कमी काम असेल, तर यंत्र घेण्याऐवजी तासावर भाड्याने बोलवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण उभ्या राहिलेल्या यंत्राचाही पावसाळ्यात खर्च होतच असतो. घ्यायचेच ठरले, तर वजनाचा विचार करावा. पावणेदोन टनांच्या आसपासचे यंत्र सुमारे २.३ मीटर खोल खणते आणि साधारण एक मीटर रुंदीच्या वाटेतून आत जाते. तीन टनांचे यंत्र पावणेतीन ते तीन मीटर खोल जाते, परंतु त्यासाठी अनेकदा गडगा फोडून वाट करावी लागते. वाहतुकीचा प्रश्नही इथेच सोडवावा : लहान यंत्रसुद्धा बकेटांसह बहुतेक छोट्या पिकअपच्या परवानगीच्या वजनापेक्षा जड भरते.

यंत्र थंड असताना पाहावे

विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की आपण पोहोचेपर्यंत यंत्र सुरू करू नये. गेल्यावर प्रथम सायलेन्सरजवळ आणि इंजिनवर हात धरून पाहावा. ते गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना काय करते हे आपल्याला कळणार नाही, म्हणून पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिनाने सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडून तो काही मिनिटांत थांबला, तर चिंता नाही. निळसर धूर राहिला, तर इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सावकाश सैल करावे. आतून जोराने वाफ-धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आहेत. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

यंत्र किती तास चालले ते दाखवणाऱ्या आवरमीटरवर आम्ही फारसा विश्वास ठेवत नाही. मीटर बदलता येतो, बंद पडतो, आणि नव्या रंगाखाली बरेच काही झाकता येते. खरे वय पिना (सांध्यांतल्या जाड खिळ्या) आणि बुश (त्यांच्याभोवतीच्या नळ्या) सांगतात. बकेट जमिनीपासून थोडी वर ठेवून, इंजिन बंद करून, लोखंडी पहारीने बकेट आणि आर्म (बकेट धरणारा पुढचा दांडा) आडवे हलवावेत. प्रत्येक सांध्यात किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. खडखडाट आणि दिसण्याइतकी जागा असणे स्वाभाविक नाही. मिनी यंत्रात बूम (आर्म धरणारा मुख्य दांडा) मुळापाशी डावी-उजवीकडे वळतो, आणि त्या उभ्या पिनेची झीज सर्वांत महाग पडते, कारण तिथे भोक लांबट झाले तर ते वेल्डिंगने भरून पुन्हा गोल कापून घ्यावे लागते. ग्राहक नेमका हाच सांधा तपासायचे विसरतात. बूम आणि आर्मच्या जोडांवर ताजा रंग फक्त ठिकठिकाणी दिसला, तर त्याखाली तडा किंवा वेल्डिंग असण्याची शंका घ्यावी.

आर्मवर ब्रेकरसाठी (खडक फोडणाऱ्या हातोड्यासाठी) घेतलेले जादा पाईप दिसले, तर यंत्र कातळावर किती चालले आहे, हे विचारावे. छोट्या यंत्राची बकेट अखंड जांभ्या दगडाला पुरत नाही, म्हणून ब्रेकर लावला जातो, आणि त्याच्या सततच्या हादऱ्यांनी सांधे लवकर ढिले होतात. असे यंत्र नाकारलेच पाहिजे असे नाही. पण किंमत त्या मानाने ठरली पाहिजे.

हायड्रॉलिक

दाबाखालच्या ऑइलवर चालणारी ही व्यवस्था यंत्राचा गाभा आहे आणि दुरुस्तीचा सर्वांत मोठा खर्चही इथेच येतो. टाकीच्या काचेतून ऑइल पाहावे. दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे; काळपट व करपट वासाचे असेल, तर यंत्र वारंवार तापलेले आहे. किनाऱ्याजवळच्या यंत्रांत सिलिंडरचे रॉड बारकाईने पाहावेत. पावसाळाभर रॉड बाहेर ठेवून यंत्र उभे केले असेल, तर खाऱ्या हवेने क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि ते नवीन सीलही (ऑइल अडवणारी कडी) महिन्या-दोन महिन्यांत कापून टाकतात. म्हणून “सील बदलून दिले आहे” या वाक्याने समाधान मानू नये, नखाने रॉड चाचपावा.

त्यानंतर यंत्र वीस-तीस मिनिटे खऱ्या मातीत खणायला लावावे. झिजलेला पंप थंड, दाट ऑइलवर चांगला वाटतो. ऑइल तापून पातळ झाले की आतली गळती वाढते आणि बूम सुस्तावतो. गरम झाल्यावर बकेट मातीने भरून बूम उंच धरावा, इंजिन बंद करावे आणि दूर उभे राहून पाच-सात मिनिटे पाहावे. बकेट डोळ्यांना दिसेल अशी खाली येऊ लागली, तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्हमध्ये गळती आहे. उचललेल्या बकेटखाली किंवा बूमजवळ कोणीही, मुले तर नाहीच, उभे राहू नये. होज पाईपची गळती हाताने शोधू नये, पुठ्ठा फिरवून पाहावी. दाबाखालचा ऑइलचा बारीक फवारा कातडीत शिरतो, जखम क्षुल्लक दिसते, पण ताबडतोब रुग्णालयात न गेल्यास हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

चेन आणि फिरणे

रबरी चेनला चिरा जाऊन आतल्या तारा दिसत असतील, तर त्या गंजून चेन तुटणार हे धरून चालावे. स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात करवतीसारखे अणकुचीदार झाले असतील, तर फक्त चेन बदलून भागत नाही. सपाट जागेवर दोन्ही लिव्हर सारखेच ढकलून यंत्र सरळ चालते का, हे पाहावे. एका बाजूला ओढत असेल, तर ट्रॅव्हल मोटर (चेन चालवणारी मोटर) किंवा मधला स्विव्हल जॉइंट (वरच्या फिरत्या भागातून खाली ऑइल नेणारा जोड) कमजोर आहे. मग बूमसह वरचा भाग पूर्ण गोल फिरवावा आणि कान देऊन ऐकावे. स्विंग बेअरिंगमधून (ज्यावर वरचा भाग फिरतो त्या बेअरिंगमधून) करकर आली, तर ते यंत्र आम्ही स्वतः घेणार नाही.

कागदपत्रे

चेनवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांना आरटीओचा नंबर नसतो, त्यामुळे मालकी मूळ इन्व्हॉइसवरूनच सिद्ध होते. इन्व्हॉइसवरील सीरियल नंबर आणि यंत्रावरील पट्टी व शरीरावर कोरलेला नंबर हे एकमेकांशी जुळवून पाहावेत. यंत्रावर कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. बाहेरून आयात केलेल्या जुन्या यंत्राचे सुटे भाग इथे कोणाकडे मिळतात, हे सीरियल नंबर देऊन आधीच विचारून घ्यावे.

आमच्या वर्कशॉपचा माणूस आपल्यासोबत तपासणीला येऊ शकतो. त्यासाठी साधारण अर्धा दिवस लागतो. यंत्र थंड असावे, खणायला मोकळी जागा असावी आणि विक्रेत्याने इन्व्हॉइस तयार ठेवावे. तपासणीनंतर प्रत्येक दोषाच्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च आम्ही लेखी देतो, म्हणजे तो किमतीतून वजा मागताना आपल्या हातात कागद असतो.