पार्श्वभूमी: 'फॉर-इन', 'फॉर-ऑफ' आणि संपर्कांच्या नोंदी

संपर्काच्या नोंदीत फोनची यादी, यादीतल्या प्रत्येक फोनला प्रकार आणि क्रमांक. अशा नोंदींची यादी जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेब पानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, वाचायची तर आज दोन 'फॉर-ऑफ' लूप (यादीतली एकेक गोष्ट हाती देत पुन्हा पुन्हा चालणारी आज्ञा) एकात एक घातले की भागतं. एवढ्यासाठी भाषेला वीस वर्षं लागली.

१९९५च्या या भाषेत जुना लूप 'फॉर-इन'. तो व्हॅल्यू (साठवलेली माहिती) देत नाही, कीज (त्या माहितीची नावं) देतो. ऑब्जेक्टसाठी, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांसाठी, ते रास्त होतं. घोळ झाला ॲरेत, म्हणजे क्रमवार यादीत. दोन फोनांच्या यादीवर तो चालवला की हाती '०' आणि '१' येतात, तेही स्ट्रिंग (मजकूर) म्हणून. '०'मध्ये १ मिळवा, '०१' होतं. २०००च्या दशकात काही लायब्रऱ्यांनी (तयार कोडच्या संचांनी) ॲरेच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या ॲरेंच्या सामायिक साच्यावर, आपली फंक्शनं चढवली आणि दोन फोनवाल्या माणसाच्या नोंदीत तिसरा फोन म्हणून चक्क एक फंक्शन येऊ लागलं. मग प्रत्येक लूपला 'हॅजओनप्रॉपर्टी'ची (की स्वतःचीच आहे का, हे पाहणारी) चाळण. नोंद तीन पातळ्या खोल असेल तर चाळणीही तीन.

क्रमाचा वाद याहून चिवट. भाषेच्या प्रमाणकाने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, क्रम ठरवलाच नव्हता. ब्राउझर सहसा घातलेल्या क्रमानेच कीज देत, म्हणून लोक त्यावर विसंबले. २००८मध्ये आलेल्या एका ब्राउझरने मात्र पूर्णांकासारख्या कीज आधी, चढत्या क्रमाने द्यायला सुरुवात केली. संपर्क आयडीने साठवलेले असतील तर १०२ आधी घालूनही ७ पहिला येतो. नियमात बसतं, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं; खरंच बसत होतं. पण ज्याची यादी विस्कटली त्याला त्याचा उपयोग काय? माझ्या मते मूळ चूक प्रमाणकाचीच. २०२०च्या आवृत्तीत 'फॉर-इन'चा क्रम बहुतांशी लेखी आला, तोही 'पूर्णांक आधी' असाच. घातलेला क्रम जपायचा तर २०१५चा 'मॅप' (जोड्या घातलेल्या क्रमाने ठेवणारा साठा) वापरावा.

२००९च्या 'फॉरईच'ने व्हॅल्यू दिल्या, पण हवा तो क्रमांक सापडला तरी 'ब्रेक' करता, म्हणजे मध्येच थांबता, येईना. २०१५ला 'फॉर-ऑफ' आला. 'फॉर-इन'च सुधारला असता तर जुनी पानं मोडली असती, म्हणून नवा लूप.

२०२०च्या ऑप्शनल चेनिंगमुळे (मधला भाग नसला तर तिथेच थांबण्याच्या सोयीमुळे) पत्ताच नसलेल्या संपर्काचं शहर मागितलं तरी कोड कोसळत नाही, 'अनडिफाइन्ड' (माहितीच नाही) मिळतं. फोनची यादीच नसेल तर मात्र 'फॉर-ऑफ' आजही टाइपएरर (कोड थांबवणारी चूक) फेकतो. त्याच वर्षी आलेलं दुहेरी प्रश्नचिन्ह (डावीकडे काही नसेल तर उजवीकडचं देणारं) लावून रिकामा ॲरे हाती द्यावा लागतो.