लॅपटॉपचे अतितापन आणि शीतकरण पंखा

लॅपटॉपमधील प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि वीजपुरवठ्याची मंडले यांत निर्माण होणारी उष्णता पुरेशा वेगाने बाहेर पडली नाही, म्हणजे यंत्राचे तापमान सुरक्षित मर्यादेला जाऊन भिडते. यालाच अतितापन म्हणतात. यंत्र एकाएकी संथ होणे, पंखा सतत घोंघावणे, कळफलकाचा वरचा भाग चटका बसण्याइतका तापणे आणि चालू कामात यंत्र बंद पडणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. दोष बहुधा पंख्याला दिला जातो. वस्तुतः पंखा हा उष्णतेच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे आणि बिघाड त्याआधीच्या कोणत्याही टप्प्यावर असू शकतो. म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी वाट नेमकी कोठे अडली आहे हे ओळखणे अगत्याचे ठरते.

प्रोसेसरने वापरलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. पातळ लॅपटॉपमध्ये साधारण 15 वॉट, तर गेमिंग किंवा व्हिडिओ संपादनासाठीच्या यंत्रांत 45 वॉट प्रोसेसर दीर्घकाळ वापरेल, असे गृहीत धरून शीतकरणाची आखणी केलेली असते. ही उष्णता नखाएवढ्या चिपवरून थर्मल पेस्टच्या, म्हणजे चिप आणि धातू यांच्यातील सूक्ष्म फटी भरणाऱ्या उष्णतावाहक लेपाच्या, पातळ थरातून तांब्याच्या पट्टीत आणि तेथून हीट पाइपमध्ये जाते. हीट पाइप ही आतली हवा काढून टाकलेली तांब्याची बंद नळी असून तिच्यात थोडेसे पाणी असते. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी बनते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते पाणी केशाकर्षणाने माघारी येते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये ही रचना विकसित केली. नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा तळातून हवा ओढून ती या जाळीतून बाहेर फेकतो. पंख्याला बहुधा चार तारा असतात: दोन वीजपुरवठ्याच्या, तिसरी फेऱ्यांची गती कळवणारी आणि चौथी ती गती ठरवणारी. त्यामुळेच काही यंत्रे सुरू होतानाच पंखा बंद असल्याचा इशारा देऊ शकतात.

तापमानाचा आकडा पाहताच घाबरण्याचे कारण नसते. इंटेलच्या अनेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस आहे. तिच्याजवळ पोचताच प्रोसेसर स्वतःची गती उतरवतो आणि तरीही तापमान वाढत राहिले, तर यंत्र स्वतःला बंद करते. जड कामात 80 ते 90 अंश दिसणे बहुतेक यंत्रांत बिघाडाचे लक्षण नव्हे. काहीही काम चालू नसताना 70 अंश दिसणे मात्र संशयास्पद मानावे.

निदानाची पहिली पायरी म्हणजे टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती काम करतो हे दाखवणारी विंडोजमधील सोय) उघडून प्रोसेसर खरोखर किती काम करत आहे हे पाहणे. एखादा अडकलेला ब्राउझर टॅब, पार्श्वभूमीत चाललेले अपडेट किंवा चोरून आभासी चलन खणणारा घातक प्रोग्राम त्याला राबवत असेल, तर पेस्ट बदलून काहीही साधणार नाही. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही यंत्र तापत असेल, तर तापमान कसे वाढते ते पाहावे, कारण निदानाची खरी किल्ली येथेच आहे. जड काम सुरू होताच काही सेकंदांत ते मर्यादेला टेकत असेल आणि काम थांबताच तितक्याच झपाट्याने उतरत असेल, तर चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यातील संपर्क बिघडला आहे, म्हणजे पेस्ट सुकली आहे किंवा एखादा स्क्रू ढिला आहे, असे समजावे. ते कित्येक मिनिटे सावकाश चढत राहून नंतर उतरण्यासही वेळ घेत असेल, तर हवेची वाट बंद आहे. पंखा जोरात फिरूनही झरोक्यातून उष्ण हवेचा झोत येत नसेल, तर जाळीत धूळ अडकल्याची जवळजवळ खात्रीच धरावी. ही धूळ पंखा आणि जाळी यांच्यामध्ये नमद्यासारखी घट्ट बसते आणि बाहेरून दिसत नाही.

पंखा कितीही चांगला असला तरी आतले भाग खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. अनेक उत्पादक 35 अंशांपर्यंतच्या भोवतालातच वापराची शिफारस करतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा निरोगी यंत्रही गती उतरवते. अशा वेळी डेझर्ट कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये, कारण त्या हवेत ओलावा असतो. गादीवर किंवा रजईवर ठेवल्याने तळाचे झरोके बुजतात, हे तर बाराही महिने लागू आहे.

स्वच्छतेपूर्वी यंत्र बंद करून चार्जर काढावा आणि झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, नाहीतर ती अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर टाळावा. त्यातून निर्माण होणारी स्थितिक वीज मंडलांना घातक ठरू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी बेताने लावावी आणि हीटसिंकचे (तांब्याची पट्टी, हीट पाइप आणि जाळी यांच्या जोडसंचाचे) स्क्रू त्यांच्याशेजारी छापलेल्या क्रमानेच आवळावेत. मेमरी चिपवरील मऊ थर्मल पॅडच्या जागी पेस्ट भरू नये: ती फट पेस्टने बुजत नाही.

खरखरणाऱ्या पंख्यात तेलाचा थेंब सोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने मिळणारा आराम बहुधा अल्पकाळच टिकतो. पंखा त्याच मॉडेलचा घेऊन बदलणेच योग्य. जोडणी सारखी दिसली तरी तारांचा क्रम वेगळा असू शकतो. खाली ठेवायच्या कूलिंग पॅडने तळातून हवा ओढणाऱ्या यंत्राला थोडी मदत होते, मात्र तुंबलेल्या जाळीवर तो उपाय नाही.

टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाचे झाकण फुगले असेल, तर प्रश्न पंख्याचा उरत नाही. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर जीर्ण होते आणि तिच्यात वायू साचून ती फुगते. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. यंत्र बंद करून ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.