चेसिस नंबर झिजला असेल तर आधी परवानगी, मग पंचिंग: नागपूरच्या वाहनधारकांसाठी माहिती

जुन्या गाडीचं पासिंग किंवा नावबदल अडतो तो पुष्कळदा एकाच जागी. आरटीओचा निरीक्षक चेसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकाची, पेन्सिल-छाप घ्यायला जातो आणि निम्मी अक्षरं कागदावर उमटतच नाहीत. खत, चिखल, पावसाचं पाणी यांनी लोखंड खाल्लेलं असतं. अशा वेळी कोणी कितीही सांगितलं तरी गॅरेजमध्ये नंबर ठोकून घेऊ नका. नंबर खरा असला तरी आरटीओच्या परवानगीशिवाय ठोकलेला नंबर तपासणीत संशयास्पदच ठरतो, आणि प्रामाणिक मालकावर चोरीची गाडी नाही हे सिद्ध करत बसायची पाळी येते.

नंबर खरंच गेलाय का, हे आधी बघा. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने मळ काढा, टॉर्च तिरपी धरा. समोरून न दिसणारे आकडे तिरप्या उजेडात बरेचदा वाचता येतात. १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा 'ओ' वाटलं तर ते शून्य समजा.

ग्राइंडर, पॉलिश पेपर, वेल्डिंग मात्र त्या जागी अजिबात नको. पंचाचा, म्हणजे आकडे ठोकायच्या अवजाराचा, घाव बसतो तेव्हा आकड्याच्या खालचा धातूही दाबला जातो. वरचा आकडा झिजला तरी तो दाबलेला थर काही खोलीपर्यंत शिल्लक असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्लयुक्त रसायन लावतात. दाबलेल्या आणि न दाबलेल्या धातूवर त्याचा परिणाम वेगवेगळा होतो आणि गेलेला आकडा वर येतो, कधी कधी थोडाच वेळ, म्हणून लगेच फोटो घेतात. खोलवर घासलं की तो थर जातो, वेल्डिंगच्या उष्णतेने तो दाब मोडतो. म्हणजे साफसफाईच्या नादात तुमच्याच बाजूचा पुरावा संपतो.

पंचिंगच्या, म्हणजे नंबर पुन्हा ठोकण्याच्या, परवानगीचा अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा. गाडी घेतली पण आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर अर्जात त्यालाच पुढे यावं लागेल. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवा. गाडीची नोंद ज्या आरटीओ कार्यालयात, अर्जही तिथेच: नागपूर शहर एमएच ३१, ग्रामीण एमएच ४०, पूर्व नागपूर एमएच ४९.

साध्या अर्जात नंबर कसा आणि कुठे झिजला ते स्पष्ट लिहा, जवळून काढलेले फोटो लावा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र ठेवा. गाडी चोरीच्या नोंदीत नाही याचा पोलिसांचा दाखलाही मागितला जातो. खरेदीचं मूळ बिल किंवा नमुना २१ मधलं विक्री प्रमाणपत्र जपून ठेवलं असेल तर फार उपयोगी पडतं, कारण त्यावर चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर असतात. उत्पादकाचं किंवा अधिकृत डीलरचं पत्रही जोडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२२ नुसार हे नंबर उमटवण्याची जबाबदारी मुळात उत्पादकाची आहे, म्हणून त्याच्या पत्राला वजन असतं.

पुढे मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो, इंजिन नंबर 'वाहन' या सरकारी संगणकीय नोंदणी प्रणालीतल्या नोंदीशी ताडून बघतो. सगळं जुळलं की लेखी परवानगी मिळते. ती हातात आल्यावरच, त्यात सांगितल्याप्रमाणे पंचिंग करायचं, पुन्हा गाडी दाखवायची आणि नव्या छापेची नोंद करून घ्यायची. शुल्क भरलं की पावती घ्या. एजंटाच्या तोंडी 'हो' वर गाडी सोडू नका.

नंबर झिजलेला नसून कोणीतरी घासून काढलेला दिसत असेल, तर हा अर्ज लागू नाही. गाडी आहे तशीच ठेवून पोलिस ठाण्यात लेखी कळवा. नागपुरात धंतोली भागात राज्याची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पण तिथे नागरिकाने थेट अर्ज करायचा नसतो. तपास अधिकाऱ्यामार्फत किंवा न्यायालयाच्या आदेशानेच मुद्देमाल जातो. जुनी गाडी विकत घेताना असा नंबर दिसला तर पैसे देण्याआधीच थांबा.

पंचिंगची नोंद झाल्यावर विमा कंपनीला परवानगीपत्राची प्रत द्या. मूळ पत्र आरसीसोबत ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा ते नव्या मालकाच्या हवाली करा.