ऑक्सफर्डची जागा आणि चर्चचा प्रश्न: पार्श्वभूमी

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, ऑक्सफर्ड विद्यापीठ ब्रिटिश पार्लमेंटवर दोन सभासद पाठवत असे. मतदार म्हणजे तिथले एम.ए. आणि डॉक्टरेट घेतलेले. पदवी घेऊन ते देशभर पांगलेले असत, आणि त्यांत खेडोपाडीचे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चचे, पाद्री पुष्कळ. १८५४ पर्यंत प्रवेशालाच या चर्चच्या मूळ श्रद्धा मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांवर सही लागे, त्यामुळे मतदारयादी आधीच चाळून निघालेली असे. उमेदवार कोणत्या पक्षाचा यापेक्षा तो चर्चला हात लावू देईल का, हे इथे जास्त बघितलं जाई.

१८२९ मध्ये याचा चटका तेव्हाचे गृहमंत्री रॉबर्ट पील यांना बसला. कॅथलिकांना सवलती नकोत म्हणणारा माणूस म्हणून ऑक्सफर्डने त्यांना निवडलं होतं, आणि आता त्यांचंच सरकार कॅथलिकांना पार्लमेंट खुलं करायला निघालं. कायद्याने गरज नसताना पील यांनी राजीनामा दिला, पुन्हा उभे राहिले आणि ६०९ विरुद्ध ७५५ मतांनी पडले. क्राइस्ट चर्च कॉलेजातल्या एका दारावर खिळे ठोकून लिहिलेलं ‘नो पील’ आजही दिसतं.

खरा वाद १८६५ चा: त्या वर्षी ग्लॅडस्टन ऑक्सफर्डची जागा हरले ते नव्या मतपत्रिकांमुळे की चर्चच्या प्रश्नामुळे? पुढे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन १८४७ पासून इथले सभासद होते. ज्यूंना पार्लमेंटमध्ये घ्यावं असं मत देऊन त्यांनी पाद्र्यांना दुखावलं, तरी १८५३ मध्ये ते १०२२ विरुद्ध ८९२ असे निभावले. १८६१ च्या कायद्याने मात्र सही केलेली मतपत्रिका दुसऱ्याच्या हाती पाठवायची मुभा दिली. त्याआधी मतासाठी जातीने ऑक्सफर्ड गाठावं लागे. १८६५ मध्ये ग्लॅडस्टन १८० मतांनी हरले आणि त्यांच्या बाजूच्यांनी खापर या मतपत्रिकांवर फोडलं. विद्यापीठात राहणारे बहुसंख्य अध्यापक त्यांच्याच बाजूचे होते, हे खरं. पण बाहेरच्या पाद्र्यांना मताचा हक्क १८६१ ने दिला नव्हता, तो पूर्वीपासून होताच. कायद्याने वाचवला तो प्रवास. शिवाय कॅथलिक बहुसंख्य असलेल्या आयर्लंडमधल्या सरकारी अँग्लिकन चर्चची स्थिती समाधानकारक नाही, असं ग्लॅडस्टन त्याच वर्षी मार्चमध्ये पार्लमेंटमध्ये बोलून बसले होते. एवढं ऐकल्यावर पाद्री गप्प बसतील ही अपेक्षाच भाबडी.

ग्लॅडस्टन तडक दक्षिण लँकेशायरला गेले आणि तिथून निवडून आले. पंतप्रधान झाल्यावर १८६९ मध्ये त्यांनी आयर्लंडमधल्या चर्चचा सरकारी दर्जा काढणारा कायदा केला. त्यांना हरवणारे गॅथॉर्न हार्डी १८७८ मध्ये उमराव होऊन लॉर्ड्स सभागृहात जाईपर्यंत ऑक्सफर्डच्या जागेवरच होते.